‘चूक’ लिहू की ‘अपहार’? तक्रारीच्या पत्रातला शब्द निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या जत्रोत्सव समितीचे तरुण चिटणीस. जत्रा होऊन बरेच महिने झाले, पण खजिनदारांनी हिशेब मांडलेला नाही. देणगीची दोन पावती-पुस्तकं परत आलेली नाहीत. पावणीची रक्कम, म्हणजे देवाला आलेल्या वस्तूंच्या जाहीर लिलावात जमलेले पैसे, वहीत दिसते; बँकेच्या पासबुकात दिसत नाही. महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार सदस्यांच्या, सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी पत्राचा मसुदा केला. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘खजिनदार हा लबाड माणूस असून त्याने देवाच्या पैशांचा अपहार करून मोठे पाप केले आहे.’ मसुदा वाचून एक वडीलधारे म्हणाले, ‘चूक झाली’ एवढंच लिही. दुसरे म्हणाले, सरळ ‘गैरव्यवहार’ म्हण. तिसऱ्यांच्या मते ‘अनियमितता’ हा सुरक्षित शब्द. खजिनदार नात्याने चिटणिसांचे चुलत काका लागतात. म्हणून त्यांनी विचारलंय की या सगळ्या शब्दांत नेमका फरक काय, आणि पत्रात कोणता लिहावा.

देवस्थानं, दूध संस्था, भजनी मंडळं यांची इतिवृत्तं, नोटिसा, तक्रार-अर्ज लिहून देणं आणि कोर्टात लागणाऱ्या कागदांचे अनुवाद करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यावरून सांगते. शब्दांचे अर्थ तुम्हाला ढोबळमानाने ठाऊक आहेतच. अडलंय ते दुसरीकडे. तुमच्या एका वाक्यात तीन निवाडे झाले आहेत. ‘लबाड’ हा गावाचा निवाडा, ‘अपहार’ हा कोर्टाचा आणि ‘पाप’ हा देवाचा. चिटणीस म्हणून यातला एकही निवाडा देणं तुमच्याकडे येत नाही. तुमच्या हातात आहेत न आलेली दोन पुस्तकं आणि एक वही. पत्र त्यांच्यापुरतं असलं पाहिजे.

पण हेही कबूल करते की शब्द कोणता हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं. पत्र कोण वाचणार? महाजनांची सभा, मामलेदार की पोलीस? तुमचं देवस्थान नोंदलेलं असेल तर त्याला पोर्तुगीज काळातला १९३३ सालचा देवस्थान कायदा लागू आहे आणि मामलेदार हे त्याचे प्रशासक. तिथे जाणाऱ्या अर्जाची भाषा वेगळी. जत्रेपुरती, तोंडी नेमलेली समिती असेल तर गोष्ट वेगळी. काकांना आधी लेखी विचारलंय का? त्यांनी काही उत्तर दिलंय का? ते आजारी होते, घरात काही घडलं होतं, असं काही आहे का? हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. म्हणून मी शब्द सांगेन, पण त्यातला कुठला तुमच्या कामाचा, हे या उत्तरांवर बघा.

आधी नामं आणि विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदांकडे बघा. मराठीत माणसाला दोष देण्याचं निम्मं काम क्रियापदच करून जातं आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ‘हिशेब लागत नाही’ या वाक्यात कुणाचंच नाव नाही. वही आणि पासबुक जुळत नाही एवढंच ते सांगतं. ‘हिशेब देता आला नाही’ म्हटलं की माणूस आला, पण त्याची अडचणही आली. ‘हिशेब दिला नाही’ म्हटलं की कर्तव्य होतं आणि ते झालं नाही. ‘हिशेब द्यायला नकार दिला’ म्हणजे कुणीतरी मागितला होता आणि ते समोर ‘नाही’ म्हणाले. या चार वाक्यांतलं प्रत्येक वाक्य लिहायला वेगळा पुरावा लागतो. चौथं लिहायचं तर मागितल्याची तारीख हवी, कुणासमोर मागितला हे हवं. पैशांचंही तसंच आहे. ‘रक्कम जमा झालेली नाही’ हे पासबुक सांगतं. ‘रक्कम ठेवून घेतली’ हे काकांच्या हाताबद्दल बोलतं. ‘पैसे खाल्ले’, ‘लाटले’, ‘हडपले’, ‘ढापले’ ही काकांच्या मनाबद्दल बोलतात, आणि मनातलं तुम्ही पाहिलेलं नाही. नाक्यावर बोलताना आपण ‘खाल्ले’ सहज म्हणतो, ऐकणाराही सहज विसरतो. सभेच्या इतिवृत्तात गेलेलं ‘खाल्ले’ मात्र तिथेच राहतं.

आता ‘चूक’. हा शब्द तुमच्या वडीलधाऱ्यांनी सुचवला, तो भल्या मनानं. ‘चुकणं’ म्हणजे मुळात हुकणं: वाट चुकते, गाडी चुकते, नेम चुकतो. त्यात हेतू नसतो. बेरजेत हातचा राहिला तर ती चूक. पावणीची रक्कम नजरचुकीने दुसऱ्या खात्यात भरली तर ती चूक. बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहितात, त्यात देणारा आणि घेणारा दोघेही आले. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतानाही जाणता-अजाणता घडलेली चूकभूल पदरात घे, असंच म्हणतात. म्हणजे ‘चूक’ या शब्दात माफी आधीच गृहीत आहे. तुम्ही पत्रात ‘चूक’ लिहिलंत तर तुम्ही चौकशीच्या आधीच काकांना निर्दोष ठरवलंत. दोन पुस्तकं इतके महिने घरी राहणं याला माझ्या मते ‘चूक’ हा शब्द पुरत नाही.

एक गोव्यापुरती गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुमच्या वाड्यावरचे ख्रिस्ती शेजारी ‘चुकलों’ म्हणतात तेव्हा त्याचं वजन मराठीतल्या ‘चुकलो’पेक्षा बरंच जास्त असू शकतं. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत आमच्याविरुद्ध चुकलेल्यांना आम्ही क्षमा करतो, तशी तू आमची पातकं क्षमा कर, अशा अर्थाची ओळ आहे. तिथे चुकणं आणि पातक शेजारी-शेजारी बसतात. त्या ओळीतलं ‘भोगस’ हे क्रियापद क्षमेचं आहे. मराठी कानाला ते ‘भोगणं’सारखं ऐकू येतं आणि अर्थ उलटा लागतो. मी अनुवाद करताना या जागी नेहमी थांबते.

चुकीच्या पुढची पायरी हयगयीची. दुर्लक्ष, ढिलाई, हयगय, निष्काळजीपणा, कसूर, बेपर्वाई हे सगळे शब्द एकच गोष्ट मानतात: काम तुमचं होतं, तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि ते झालं नाही. फरक छटेचा आहे. दुर्लक्ष कुणाकडूनही होतं. हयगय म्हणजे करायचं ते उद्यावर ढकलत राहणं. ‘कर्तव्यात कसूर’ हा कार्यालयीन शब्द. नोटिशीत शोभतो आणि माणसाच्या स्वभावावर बोलत नाही. निष्काळजीपणाला नुकसानीची जोड असते, नुकसान झालं नसेल तर तो शब्द जड होतो. बेपर्वाई सगळ्यांत कडक, कारण तिच्यात ‘कळत होतं, पण पर्वा केली नाही’ असं आहे. तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून आज तुमच्याकडे पुरावा आहे तो हयगयीचा, फार तर कर्तव्यात कसूर केल्याचा. त्याच्या पुढचं अजून सिद्ध व्हायचंय.

‘अनियमितता’ आणि ‘गैरव्यवहार’ हे शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आले आणि लोक ते एकाच अर्थाने वापरतात. ते एक नाहीत. अनियमितता म्हणजे नियम मोडला. त्यात कुणाचा फायदा झालाच पाहिजे असं नाही. दशावतारी मंडळींना रोख बिदागी दिली आणि पावती घेतली नाही, ही अनियमितता. पैसे योग्य माणसाला पोचलेलेच असतात. गैरव्यवहार म्हटलं की वाचणाऱ्याला पैसे खाल्लेले दिसतात, मग तुम्ही खाली काहीही स्पष्टीकरण द्या. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वडीलधाऱ्यांत खरं तर मोठं अंतर आहे. दोघांनाही आपण मधला शब्द सुचवतोय असं वाटत असेल, पण एकजण काकांना सोडतोय आणि दुसरा पकडतोय.

आणि ‘अपहार’. विश्वासाने आपल्या ताब्यात दिलेली वस्तू स्वतःची म्हणून वापरणं हा त्याचा गाभा. म्हणून खजिनदाराला ‘चोर’ म्हणणं अर्थानेही चुकतं. चोर दुसऱ्याच्या ताब्यातलं उचलतो. खजिनदाराच्या ताब्यात पैसे आपणच दिलेले असतात. कायदाही हा फरक पाळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ मध्ये आहे, फसवणूक ३१८ मध्ये आणि सोपवलेल्या मालमत्तेबाबतचा न्यासभंग ३१६ मध्ये. फसवणुकीत सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू लागतो. न्यासभंगात माणूस सुरुवातीला प्रामाणिक असू शकतो आणि नंतर घसरतो. गावातल्या खजिनदारांचं बहुतेक वेळा हे दुसरंच असतं. ‘अफरातफर’ हा बोलीतला शब्द यात आणखी एक रंग भरतो, आकड्यांची फिरवाफिरव. वही कोरी असेल तर अफरातफर म्हणता येत नाही. खाडाखोड असेल तर म्हणता येईल. तुमच्या वहीत पावणीची रक्कम स्वच्छ लिहिलेली आहे, असं तुम्हीच सांगता. ज्या माणसाने आकडा लपवला नाही त्याला अफरातफरीचा आरोप लावू नका.

इथे मला दोन प्रसंग सांगायचे आहेत, कारण दोन्ही बाजूंचं नुकसान मी जवळून पाहिलंय. एका संस्थेच्या इतिवृत्तात घाईघाईने ‘अपहार’ हा शब्द गेला. पुढे हिशेब तपासला तेव्हा रक्कम भलत्याच शीर्षाखाली सापडली, पैशाचाही घोटाळा नव्हता. पण पुढच्या सभेत ते इतिवृत्त वाचून कायम झालं होतं. दुरुस्तीचा ठराव झाला, तरी तो गृहस्थ पुन्हा सभेला आला नाही आणि त्याच्या घरच्यांनी पालखीला यायचं सोडलं. दुसरीकडे याच्या उलट झालं. पैसे खरोखर गेले होते, सगळ्यांना ठाऊक होतं, पण संबंध बिघडू नयेत म्हणून ठरावात ‘हिशेबातील काही अनियमितता’ असं लिहिलं गेलं. पुढे वसुलीची वेळ आली तेव्हा त्या माणसाने हाच ठराव पुढे केला: तुम्हीच लिहिलंय अनियमितता, मग पैसे कशाचे मागता? मऊ शब्द नेहमी दयाळू असतो हा समज मी तेव्हापासून सोडला. ज्यांनी शंभर-दोनशे रुपयांची देणगी घामाच्या पैशातून दिली, त्यांच्यावर तो शब्द अन्याय करतो.

विशेषणांबद्दल माझं मत ठाम आहे: पत्रात एकही नको. ‘लबाडी केली’ आणि ‘लबाड आहे’ यांत फार अंतर आहे. पहिल्यात एक कृत्य आहे, ते तपासता येतं, नाकारता येतं, भरून काढता येतं. दुसऱ्यात अख्खा माणूस आहे. ‘लबाड’ हा शब्द तर इतका लवचीक की आजी नातवाला लाडाने ‘लबाड कुठला!’ म्हणते आणि तोच शब्द सभेत मोठ्या माणसाला लावला की लोक खुर्च्या सोडून उठतात. लुच्चा, भामटा, अप्पलपोटा, हावरट, निगरगट्ट, कोडगा यांचंही तेच. कोडगा म्हणजे बोलून-बोलून ज्याला काही वाटेनासं झालंय तो; म्हणजे हा शब्द वापरण्याआधी तुम्ही पुष्कळदा बोललेलं असलं पाहिजे. एकदाही लेखी न विचारता एखाद्याला कोडगा ठरवता येत नाही. गोव्यात आणखी एक अडचण येते. आपण घरी कोकणी बोलतो, आणि खोटेपणासाठी आपल्या तोंडी पहिला शब्द ‘फट’ येतो. त्यामुळे ‘त्यांनी आम्हाला फटवले’ असं मराठी पत्रात सर्रास उतरतं. गावात ते कळेल. पण अर्ज वर गेला आणि वाचणारा घाटावरचा असेल तर त्याला ‘फट’ म्हणजे दाराची चीर एवढंच ठाऊक. ‘खोटे सांगितले’ लिहा, आणि काय खोटं सांगितलं ते पुढच्याच वाक्यात लिहा.

तुमच्या मसुद्यात आणखी एक शिवी आहे, ती तुम्हाला दिसली नसेल. पहिल्या परिच्छेदात तुम्ही ‘खजिनदारांनी’ लिहिता, पुढे ‘खजिनदार हा’, ‘त्याने’ असं होतं. आदरार्थी अनेकवचन मध्येच सुटलं की मराठीत ते अरे-तुरेच असतं, आणि वाचणारा ते आरोपापेक्षा आधी ऐकतो. कोकणीत आपण वडीलधाऱ्यांनाही मायेने ‘तूं’ म्हणतो, त्यामुळे हे आपल्याकडे नकळत घडतं. काकांवर कितीही गंभीर आरोप ठेवायचा झाला तरी ‘यांनी’, ‘त्यांनी’ शेवटपर्यंत ठेवा.

हेतूचे शब्द वेगळे काढायला हवेत: लोभ, हाव, मोह, नाद. आपल्या षड्रिपूंत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर येतात. तुमच्या शेजारच्या चर्चमध्ये शिकवली जाणारी सात मुख्य पापं बघितली तर अहंकार, लोभ, वासना, मत्सर, क्रोध ही जवळपास तीच. पण तिथे खादाडपणा आणि आळस आहेत, ते आपल्या सहांत नाहीत, आणि आपला मोह तिथे नाही. मला हा मोह फार मोलाचा वाटतो. ‘हाव सुटली’ म्हटलं की दोष आतून आला. ‘मोह झाला’ म्हटलं की मोह बाहेरून आला आणि माणूस त्याला बळी पडला. रिपू म्हणजे शत्रू, तो चालून येतो. म्हणूनच पैसे परत करायला आलेला माणूस स्वतःबद्दल ‘मोह झाला’ म्हणतो, ‘हाव सुटली’ असं कधी म्हणत नाही. तो शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा, तो त्याने वापरायचा आहे. आणि कुणी म्हणेल की काकांना मटक्याचा नाद आहे, पणजीच्या कॅसिनोत दिसले होते, तर ते खरं असलं तरी पत्रात येता कामा नये. नाद आणि व्यसन या माणसाच्या घरच्या गोष्टी. पावणीच्या रकमेशी त्यांचा धागा तुम्ही दाखवू शकत नसाल तर ती कुचाळकी ठरते. ‘खोड’ हा शब्दही बोलण्यातच ठेवा. ‘हिशेब उशिरा द्यायची त्यांची खोडच आहे’ असं गाव म्हणत असेल तर उलट तुम्हालाच विचारतील, मग खजिनदार केलंत कशाला?

‘पाप’ आणि ‘पातक’ हे शब्द देवळाच्या कामात सहज येतात, कारण पैसे देवाचे. मराठीत पाप लागतं, पाप फेडावं लागतं, पापाचा घडा भरतो. या सगळ्यांत हिशेब ठेवणारा दुसरा कुणी आहे, आपण नाही. पापाला पावती-पुस्तक लागत नाही, साक्षीदार लागत नाही, तारीख लागत नाही. म्हणून तर त्याची चौकशी सभेत होऊ शकत नाही. ‘पातक’ मराठी वाचकाला पोथीतला, जड शब्द वाटतो. गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र तो नेहमीचा आहे, कुमसाराला, म्हणजे चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला, जाताना तो सोबत असतो. आपल्या प्रदेशात १६१६ सालीच ख्रिस्ती उपदेश मराठी ओवीत छापला गेला, त्यामुळे इथल्या मराठीने दोन्ही धर्मांच्या नीतीचे शब्द चारशे वर्षं अंगावर वागवले आहेत. त्याचा अर्थ एवढाच की गोव्यात ‘पाप’ लिहिताना वाचणारे वेगवेगळं ऐकतात. जो शब्द सगळ्यांना सारखा ऐकू येत नाही तो ठरावात घालू नये.

‘दोष’ हा शब्द तर देवस्थानच्या कागदात मी अजिबात लिहू देत नाही. एरवी तो किती सौम्य आहे: यंत्रात दोष असतो, डोळ्यांत दोष असतो, उगाच दोष देऊ नकोस म्हणतो. पण आपल्या गावात ‘देवाचा दोष’, ‘राखणदाराचा’, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, ‘दोष’ म्हटलं की विषयच बदलतो. लगेच कौल लावा, प्रसाद घ्या (म्हणजे देवाला विचारा), शांत करा अशी चर्चा सुरू होते आणि पासबुक बाजूला पडतं. तुमच्या सभेतही कुणीतरी म्हणेल की काकांनी देवासमोर हात ठेवून शपथ घ्यावी. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळातली घंटा वाजवून दिलेली साक्ष पोर्तुगीज राजवटीतही खरी मानत, असं सांगतात. शपथेची ही श्रद्धा आपल्याकडे खोलवर आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. काकांना स्वतःहून शपथ घ्यायची असेल तर घेऊ द्या. तुम्ही ती मागू नका. हिशेब मागायचा तो हिशेबानेच मागा.

‘गुन्हा’ आणि ‘अपराध’ यांवर फार वेळ घालवत नाही. गुन्हा फारसीतून आला आणि पोलीस ठाण्यात स्थिरावला. तो ‘नोंद’ होतो. अपराध एका बाजूला कायद्याच्या मराठीत आहे, दुसऱ्या बाजूला देवापुढच्या ‘अपराध क्षमा करा’मध्ये. माणसाला ‘गुन्हेगार’ म्हणायचं ते न्यायालयाने म्हटल्यावर. त्याआधी आरोपी, आणि त्याच्याही आधी आपली वर्तमानपत्रं ‘संशयित’ लिहितात. तुमचे काका आज यातले काहीच नाहीत. ते समितीचे खजिनदार आहेत, पत्रात तेवढंच लिहा.

आता हे शब्द तुमच्यावर उलटतील त्याची तयारी ठेवा. तक्रारीला येणाऱ्या लेखी उत्तरात एक वाक्य जवळपास नेहमी असतं: ‘सदर तक्रार आकसापोटी केलेली आहे.’ हेवा, मत्सर, असूया, द्वेष, आकस यांतला नेमका आकसच का? हेवा तर हसतहसत कबूल करता येतो, ‘तुझ्या गळ्याचा हेवा वाटतो’ म्हणतो आपण. मत्सराला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. असूया गुणांतही खोट काढते. द्वेषाला कारण लागतंच असं नाही. आकसाला मात्र इतिहास असतो: जुना बांधाचा वाद, वाटणीचं भांडण, कुणाच्या लग्नात न दिलेलं आमंत्रण. नात्यातल्या माणसाविरुद्ध तक्रार केली की असा इतिहास शोधायला वेळ लागत नाही. आणि तुमच्या पत्रात ‘लबाड’ आणि ‘पाप’ असेल तर आकसाचा पुरावा तुम्हीच लिहून दिलेला असेल. विशेषणं नसलेल्या पत्राला आकस चिकटत नाही.

कायद्याचं एक सांगून ठेवते. बदनामी न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. ज्याला त्या विषयात अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. म्हणजे मामलेदारांकडे दिलेला अर्ज आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला तोच मजकूर, या दोन वेगळ्या गोष्टी होतात. ग्रुपवर काहीही टाकू नका, मसुद्याचा फोटोसुद्धा नको. प्रकरण पोलिसांपर्यंत जाणार असं वाटलं तर वकिलांना कागद दाखवूनच पुढे जा. माझं हे उत्तर त्याची जागा घेऊ शकत नाही.

तर तुमच्या त्या वाक्याच्या जागी मी असं लिहीन:

‘जत्रोत्सवाच्या देणगीची दोन पावती-पुस्तके अद्याप समितीकडे परत आलेली नाहीत. पावणीची रक्कम वहीत नोंदलेली आहे. ती समितीच्या बँक खात्यात जमा झाल्याचे दिसत नाही. मा. खजिनदारांनी दोन्ही पुस्तके, खर्चाच्या पावत्या व शिल्लक रक्कम पुढील सभेपूर्वी समितीकडे सादर करावी, ही विनंती. हिशेब देण्यास काही अडचण असल्यास ती लेखी कळवावी.’

पुस्तकांचे क्रमांक, वहीचं पान, रकमेचा आकडा आणि सभेची तारीख घाला. शेवटचं वाक्य काढू नका. ते काकांना ‘हिशेब देता आला नाही’ असं म्हणायची जागा देतं, आणि त्यांनी ती वापरली नाही तर पुढच्या पत्रात ‘हिशेब दिला नाही’ असं निःशंक लिहायचा हक्क तुम्हाला देतं. त्यानंतरही काही आलं नाही तर ‘कर्तव्यात कसूर’. सभेने नेमलेल्या माणसांनी वही-पावत्या तपासून रक्कम कमी आहे असा लेखी अहवाल दिला तर ‘तुटीची रक्कम’. आणि पैसे स्वतःसाठी वापरले हे कागदावर दिसलं तर मग ‘अपहार’ लिहायला कचरू नका. तेव्हा कुणी नात्याचं नाव काढून ‘अनियमितता’ करा म्हणाले तरी ऐकू नका.

पत्र देण्याआधी एकदा त्यांच्या घरी जा. समितीतल्या आणखी एका मोठ्या माणसाला सोबत न्या. ‘काका, वही आणि पुस्तकं घेऊन बसूया का? मी लिहून घेतो’ एवढंच म्हणा. चहा घ्या. ‘लोक काय-काय बोलतात’ हे सांगू नका, कारण त्या वाक्याने आरोप तुमचा नसतानाही तुमचा होतो. त्यांनी पुस्तकं तिथेच काढून दिली तर पत्राची गरज उरणार नाही, पण पुस्तकं मिळाल्याची पोच तुम्ही त्यांना लिहून द्या. तुमच्यासारखाच त्यांनाही कागद लागतो.

आणि रक्कम भरायला आले तर इतिवृत्तात ‘माफी मागितली’, ‘माफ करण्यात आले’ असलं काही लिहू नका. माफी हा समितीच्या अखत्यारीतला विषय नाही, आणि पैसे परत केल्याने कायद्याच्या नजरेत न्यासभंग आपोआप पुसलाही जात नाही. ‘पावणीची रक्कम अमुक तारखेस जमा, पावती क्रमांक अमुक’ एवढं लिहा, सभेत वाचून दाखवा, आणि त्याखाली तुमची आणि काकांची, दोघांचीही सही घ्या.